काशीत मुक्काम कुठे करावा: घाट, गोदौलिया, अस्सी की कॅन्टोन्मेंट?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काशीला जायचं घाटतंय. सोबत सासूबाई (वय ७८, दोन्ही गुडघे कुरकुरतात, काठी मात्र घेणार नाहीत), नवरा आणि अकरा वर्षांची लेक. चार रात्री. जाताना मुंबईहून महानगरी, येताना विमान.

गाडं अडलंय ते मुक्कामाच्या जागेवर. नेटवर पाहावं तर प्रत्येक हॉटेल ‘घाटापासून दोन मिनिटं’ आणि ‘विश्वनाथ मंदिर चालत’. एकाच जागेबद्दल एक जण लिहितो, ‘जन्माचं सार्थक झालं’ आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो, ‘शत्रूलाही पाठवणार नाही’.

करायचं ते असं: पहाटेचं विश्वनाथदर्शन, एकदा तरी गंगा आरती, सासऱ्यांचं तीर्थश्राद्ध (शक्यतो मराठी गुरुजींकडून), सारनाथ आणि लेकीसाठी नावेतली सैर. सासूबाईंची एकच अट, खोलीतून गंगा दिसली पाहिजे. नवऱ्याचीही एकच, लिफ्ट पाहिजे. या दोन अटी एका इमारतीत नांदत नाहीत हे मला हळूहळू कळायला लागलंय.

खोलीला रोजचे तीन-साडेतीन हजार धरलेत. जाणकारांनी सांगा.

सडेतोड_सदाशिव

कॅन्टोन्मेंट, नाहीतर शेजारचं नदेसर. लिफ्ट, गरम पाणी, दारात गाडी, रात्री शांत झोप. गंगा बघायला गाडी करून जायचं, बघायची, परत यायचं. ७८ वर्षांच्या बाईंना गल्लीबोळांतून हिंडवणं मला तरी पटत नाही. विषय संपला.

कॅमेरावाला_बाप्पा

विषय सुरू तरी कुठे झाला? काशीला जाऊन नदेसरला राहायचं म्हणजे पंढरपूरच्या वारीला निघून कुर्डुवाडीला मुक्काम ठोकायचा.

अस्सी घाट घ्या, डोळे मिटून. सगळ्या घाटांच्या रांगेतलं हे दक्षिणेकडचं टोक. रस्ता थेट घाटाच्या माथ्यापर्यंत येतो, पायऱ्या रुंद आणि उताराच्या आहेत, आणि आभाळ मोकळं मिळतं. पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ असतं: आरती, वेदपठण, मग कुणीतरी गायक-वादक. २०१४ पासून हे रोज चालू आहे. संध्याकाळी अस्सीची स्वतःची आरती होते, मोठ्या आरतीच्या दशाश्वमेध घाटासारखी रेटारेटी नसते. लेकीला भदैनीतलं राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान दाखवा, तिथून चालत आहे. तुळशीघाट शेजारीच.

फोटोसाठी विचाराल तर बनारसचे घाट पूर्वाभिमुख आहेत, सूर्य समोरच्या वाळवंटावर उगवतो. खोलीची खिडकी नदीकडे असेल तर पांघरुणातूनच उजाडताना दिसतं. सासूबाई खूश.

सडेतोड_सदाशिव

कुर्डुवाडीला निदान झोप तरी लागते.

ब्रह्माघाटकर

नमस्कार. आमचं घराणं काही पिढ्यांपासून काशीतच आहे, त्यामुळे माझी मराठी जरा हिंदीच्या वळणाची वाटली तर सांभाळून घ्या.

ताई, नकाशावर मंदिर किती दूर, घाट किती दूर हे बघूच नका. गाडी कुठे थांबते ते बघा. जुन्या काशीत गाडी काही ठरावीक ठिकाणांपर्यंतच येते. मधल्या भागाला गोदौलिया, उत्तरेकडे मैदागिन, दक्षिणेकडे सोनारपुरा आणि अगदी टोकाला अस्सी. तिथून नदीपर्यंत सगळी गल्ली. गल्लीत सांड उभा असतो, मोटारसायकल मागून हॉर्न देते, फरशी ओली असते. सामानाची चाकाची बॅग तिथे काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट. जुनं शहर नदीच्या पात्रापासून बरंच उंचावर वसलेलं आहे. नदीकाठच्या वाड्याचा दरवाजा वर गल्लीत उघडतो आणि नदी खाली असते. ‘घाटापासून दोन मिनिटं’ हे उतरतानाचं माप आहे. तुमच्या सासूबाईंना वर यायला वीस मिनिटं लागतील, आणि पायऱ्याही हातभर उंचीच्या. त्यात ‘गंगा दिसणारी खोली’ म्हणजे बहुधा सगळ्यात वरचा मजला, आणि जुन्या हवेलीत लिफ्ट क्वचित. तुमच्या यजमानांची आणि सासूबाईंची भांडणं इथूनच सुरू होतात.

एक युक्ती सांगतो. हॉटेलचा पत्ता नीट वाचा. काशीत घरक्रमांकाच्या आधी अक्षर असतं, ते वॉर्डाचं. ‘के’ म्हणजे कोतवाली, आमचा ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, काळभैरव. ‘सीके’ म्हणजे चौक, त्यात विश्वनाथ आणि मणिकर्णिकेचा स्मशानघाट आले. ‘डी’ म्हणजे दशाश्वमेध आणि त्याच्या दक्षिणेचं बंगाली टोला वगैरे. ‘बी’ म्हणजे भेलूपुर, त्यात केदारघाट, हनुमानघाट, अस्सी, लंका. ‘सी’ चेतगंज आणि ‘एस’ सिकरौल, ही दोन अक्षरं दिसली की समजा नदीपासून लांब आलात, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

गोदाकाठ

अहो, हे तर गुप्त लिपी उलगडल्यासारखं झालं! लगेच माझी यादी काढून बघितली. एक ‘सीके’, एक ‘डी’, दोन ‘बी’. आणि एक जे ‘घाटाजवळ’ म्हणून सगळ्यात वर दिसत होतं ते ‘एस’ निघालं.

‘सीके’वालं विश्वनाथाच्या अगदी जवळ आहे. पहाटेच्या दर्शनाला बरं पडेल ना?

ब्रह्माघाटकर

दर्शनाला बरं, बाकी सगळ्याला अवघड. चौकातल्या गल्ल्या सगळ्यात अरुंद. आणि मणिकर्णिकेला जाणाऱ्या शवयात्रा मैदागिन-चौकाकडूनच येतात, दिवसरात्र. आम्हाला सवय आहे, ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की भिंतीला चिकटून वाट देतो आणि पुढचं वाक्य पूर्ण करतो. पण रात्री दोनला खिडकीखालून तो आवाज गेला तर नवख्या माणसाची झोप उडते. वाऱ्याची दिशा बदलली की धूरही येतो. हरिश्चंद्र हा दुसरा स्मशानघाट, त्याच्या लगतच्या खोल्यांनाही हेच लागू.

वैनगंगा

ब्रह्माघाटकरांशी सहमत, फक्त मुलीच्या बाजूने थोडं वेगळं सांगते. आम्ही मणिकर्णिकेच्या वरच्या अंगाला राहिलो होतो, सोबत माझा मुलगा साधारण याच वयाचा. मला वाटलं होतं घाबरेल. तो तासभर कठड्याशी उभा राहिला आणि मग त्याने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं आमच्या घरात कुणाकडेच नव्हती. मुलांपेक्षा मोठ्यांनाच ते जड जातं. पण ते नावेतून दाखवणं वेगळं आणि चार रात्री खिडकीतून बघणं वेगळं. फोटो काढू नका, तिथल्या लोकांना आवडत नाही, आणि बरोबरच आहे.

आम्ही नागपूरकर, त्यामुळे नाववाल्याने भोसले घाट आला म्हणताच आमच्या बाबांची मान ताठ. पुढे शिंदे घाट, तिथलं पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ लेकीला नक्की दाखवा.

इंदुरी_पोहे

मग आमच्या मातोश्री कशा राहिल्या? आजचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलं. दशाश्वमेधाच्या शेजारी अहिल्याबाई घाट आहे. पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभही त्यांचाच.

आता कामाचं. १३ डिसेंबर २०२१ ला मंदिरापासून गंगेपर्यंतचा कॉरिडॉर खुला झाल्यापासून मंदिराभोवतीचं जुनं गणित पार बदललंय. पूर्वी मंदिराचा परिसर तीन हजार चौरस फूट होता, आता पाच लाखांच्या घरात. गंगेकडून यायला ललिता घाटावर गंगाद्वार आहे. पण तिथून वर चढायला पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना नावेने आणून गंगाद्वारातून नेण्याची कल्पना कागदावर फार सुंदर दिसते, तिच्या नादी लागू नका. गोदौलियाकडच्या रस्त्याने आत जा, त्या बाजूला चढ फारसा नाही. व्हीलचेअर मागा, लाजू नका. मोबाईल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा म्हणजे लॉकरची रांग वाचते. सुगम दर्शनाचं (लांब रांग टाळून होणाऱ्या) तिकीट मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, रस्त्यात भेटणाऱ्या ‘व्हीआयपी दर्शन’वाल्यांकडून नाही.

अवांतर: तुम्ही जाल तेव्हा मलइयोचा मोसम असेल. दुधाचा फेस, केशर, वर पिस्ते. सकाळी नऊ-दहानंतर संपतं. चौक-ठठेरी बाजारात मिळतं.

खवय्या_खंडू

अवांतराला अनुमोदन. कचोरी-भाजी आणि जिलबी राहिली. टमाटर चाटही.

सडेतोड_सदाशिव

खाण्याचा धागा वेगळा काढा हो. इथे बाईंचे गुडघे ऐरणीवर आहेत.

लंकेची_पार्वती

नावावर जाऊ नका, बनारस हिंदू विद्यापीठाच्या दारातला जो भाग आहे त्याचं नाव लंका. तिथे शिकायला होते, म्हणून हे नाव.

मला दोन्ही टोकांचं पटत नाही. कॅन्टोन्मेंटहून गोदौलिया जेमतेम चार-पाच किलोमीटर, पण संध्याकाळी लहुराबीर आणि पुढच्या चौकांत अडकलात की आरती गाडीतूनच ऐकायची. म्हणजे रोज दोन खेपा केल्या तर सासूबाई गल्लीत चालून थकतील त्याहून जास्त गाडीत बसून थकतील. कॅन्ट स्टेशन ते गोदौलिया रोपवेची पायाभरणी २०२३ ला झाली, तो मार्ग सुरळीत झाला की कॅन्टवाल्यांचं पारडं जड होईल. आज त्या भरवशावर खोली घेऊ नका.

माझं मत सोनारपुऱ्याच्या बाजूला, केदारघाट ते हनुमानघाट. इथे मोठा रस्ता नदीला जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे गाडी सोडल्यावर गल्ली थोडीच. वस्ती दाक्षिणात्य, तमिळ-तेलुगू यात्रेकरूंची. त्यांच्याकडेही वयस्कर माणसं फार येतात, म्हणून कमोड, गरम पाणी आणि सकाळी सातला इडली या तीन गोष्टींची ददात नसते. केदारेश्वराचं देऊळ शेजारी. दशाश्वमेध घाटाघाटाने चालत गाठता येतं आणि दमलं तर परतताना नाव. हरिश्चंद्र घाट मात्र याच पट्ट्यात आहे, तेव्हा खोली त्याच्या कोणत्या बाजूला आणि किती लांब हे विचारून घ्या.

दवाखान्याचंही लक्षात ठेवा, कुणी बोलत नाही त्यावर. अस्सी-लंकेकडून विद्यापीठाचं सर सुंदरलाल रुग्णालय जवळ. उत्तरेकडे राहिलात तर कबीरचौऱ्याचं सरकारी रुग्णालय. आतल्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, माणूस उचलून रस्त्यापर्यंत आणावा लागतो.

कॅमेरावाला_बाप्पा

हे शेवटचं वाक्य वाचून माझं अस्सी अजून पक्कं झालं.

धम्मयात्री

एक पर्याय कुणीच मांडला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडचे लोक काशीला जातात म्हणजे सारनाथला जातात, आणि राहतातही तिथेच. महाराष्ट्रातून वर्षभर जथे येतात. वेगवेगळ्या देशांच्या विहारांच्या धर्मशाळा आहेत, साध्या, स्वच्छ. संध्याकाळी मूलगंधकुटी विहारात सुत्तपठण असतं. हा विहार अनागारिक धर्मपालांच्या प्रयत्नातून उभा राहिला, १९३१ मध्ये खुला झाला. धमेक स्तूपाभोवती सकाळच्या धुक्यात चालणं मला तरी घाटांपेक्षा प्रिय आहे.

शहरापासून साधारण दहा किलोमीटर. गोदाकाठ यांचे कार्यक्रम बघता चारही रात्री इथे राहणं सोयीचं नाही, हे मान्य. पण दिवसभराची सहल म्हणून या तर शुक्रवार टाळा. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि अशोकाचं सिंहशीर्ष त्याच इमारतीत आहे. राजमुद्रेवरचे ते सिंह प्रत्यक्ष बघायला न मिळता मूल परत आलं तर काय उपयोग.

गोदाकाठ

धम्मयात्री, शुक्रवारचं आत्ताच कॅलेंडरवर लिहिलं, आभार. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात ते सिंह आहेत, तिला फार उत्सुकता आहे.

ब्रह्माघाटकर, श्राद्धाचं विचारायचं राहिलं. मराठी गुरुजी तुमच्या भागात आहेत असं ऐकलंय. मग अस्सीला किंवा केदारघाटाला राहून तिथवर येणं कसं? की श्राद्धासाठी एक रात्र तुमच्याच बाजूला काढावी?

ब्रह्माघाटकर

रात्र काढू नका. आमच्या भागाचं मला प्रेम आहे, पण तुमच्या सासूबाईंसाठी तो नाही. मैदागिनला किंवा भैरवनाथाच्या चौकात उतरून पुढे चालावं लागतं आणि पंचगंगेच्या पायऱ्या तर साऱ्या काशीत उभ्या चढाच्या. नावेने येऊन त्या चढायचं म्हणाल तर मी हात जोडतो.

श्राद्धाचा विधी गुरुजींच्या घरी होऊ शकतो किंवा तुम्ही राहता त्या बाजूच्या घाटावरही. आधी फोनवर बोललात तर गुरुजी अस्सीला येतात. दक्षिणा, सामान, किती ब्राह्मण, हे सगळं त्याच फोनवर मोकळेपणाने ठरवा, संकोच नको. घाटावर आयत्या वेळी भेटणाऱ्या माणसाच्या हाती संकल्प सोडलात की मध्येच आकडा वाढतो, आणि पाणी हातात घेतलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. आमच्या कुटुंबाच्या ओळखीतल्या गुरुजींचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तरी एक दिवस दुपारी यजमानांना आणि लेकीला आमच्याकडे पाठवा. काळभैरव, मग बिंदुमाधव. ते देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं आहे. या गल्ल्यांत अजून दारांवर मराठी आडनावं दिसतात, गणेशोत्सवही होतो. मैदागिनला पराडकर भवन आहे, हिंदी ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांच्या नावाचं. हिंदी पत्रकारितेत ज्यांना गुरुस्थानी मानतात तो माणूस मराठी घरातला होता.

पुस्तकातला_कोळी

सुंदर माहिती. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. थोडं पलीकडचं: एकनाथांनी भागवताची टीका पूर्ण केली तीही काशीतच, आणि सोळाव्या शतकात विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभं करण्यात पुढाकार होता तो पैठणहून आलेल्या घराण्यातल्या नारायणभट्टांचा. म्हणजे मराठी माणसाचा काशीतला मुक्काम हा तसा फार जुना प्रश्न आहे.

सडेतोड_सदाशिव

नारायणभट्टांना लिफ्ट लागत नव्हती.

बरं, थट्टा सोडा. मी कॅन्टोन्मेंट म्हटलं त्यामागे कारण आहे. म्हातारी माणसं प्रवासात दमली की बोलत नाहीत, ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी आडवी होतात. सपाट बाथरूम, हीटर, रात्री बारालाही मिळणारी गाडी यांची किंमत तेव्हा कळते. डिसेंबरअखेर बनारसला पहाटे आठ-नऊ अंशांवर पारा येतो. नदीकडे उघडणाऱ्या खिडकीतून काय वारा शिरतो ते बाप्पांनी पांघरुणातून बघितलं असेल, मी बघितलेलं नाही.

लंकेची_पार्वती

यात तथ्य आहे. हीटर आहे का आणि त्याचे वेगळे पैसे घेतात का, दोन्ही विचारा. कमोड आहे एवढ्यावर समाधान मानू नका, बाथरूमच्या दारात पायरी आहे का तेही विचारा. हवेलीच्या खोल्यांत हटकून असते.

मधला मार्ग म्हणून सिगरा, रथयात्रा, महमूरगंज हा भाग आहे. नवी हॉटेलं, लिफ्ट, ‘बनारस’ स्टेशन जवळ (जुनं नाव मंडुआडीह). तिथून गोदौलियाला ई-रिक्षाने सहज जाता येतं. या भागात लग्नाचे हॉल ढिगाने. पण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास, म्हणजे आपला धनुर्मास. त्या काळात तिकडे लग्नं नसतात, त्यामुळे तुमच्या तारखांना बँडबाजा नसेल आणि खोल्याही त्या मानाने मोकळ्या. नोव्हेंबरात याच हॉटेलांत रात्री एकपर्यंत कान बधिर होतात.

उशिरा_आलेला

सगळा धागा वाचला. दोन गोष्टी कुणी बोललेलं नाही.

तुम्ही २५ नंतर जाताय. नाताळ ते एक जानेवारी काशीत माणसांचा पूर असतो. गर्दी वाढली की गोदौलियाच्या बऱ्याच अलीकडे गाड्या अडवतात, मैदागिन-गोदौलिया रस्ताही बंद करतात. म्हणजे अस्सी किंवा सिगऱ्याहून आरामात ई-रिक्षाने जाऊ हे गणित त्या आठवड्यात दिवसा चालत नाही. पहाटे चालतं. साडेतीन-चारला निघालात तर गोदौलियापर्यंत बिनबोभाट पोहोचाल आणि उजाडायच्या आत दर्शन घेऊन परत. सोमवार सोडून कुठलाही वार घ्या.

दुसरं म्हणजे धुकं. महानगरी उशिरा पोहोचू शकते, तेव्हा पहिल्या दिवशी काही ठरवू नका. परतीचं विमान सकाळचं घेऊ नका, दुपारनंतरचं घ्या. बाबतपूर विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर आहे.

गोदाकाठ

आमच्या शाळेची सुट्टीच २५ पासून, त्यामुळे गर्दी नशिबात आहे. मग आता काय, गोदौलियाजवळच ‘डी’वालं घ्यावं का? तिथून चालत तरी जाता येईल. काल रात्री यावरून घरात पुन्हा चर्चासत्र झालं. नवरा म्हणाला, दोन रात्री घाटावर आणि दोन रात्री नदेसरला राहू, म्हणजे दोघांच्या अटी पुऱ्या.

वैनगंगा

विभागून राहू नका. वयस्कर माणसाला खोलीची सवय व्हायला एक दिवस जातो. रात्री उठल्यावर बाथरूम डावीकडे की उजवीकडे, दिव्याचं बटण कुठे. ती सवय झाली की तुम्ही सामान बांधणार.

ब्रह्माघाटकर

वैनगंगा बोलल्या ते खरं.

‘डी’ पत्त्यात दोन प्रकार आहेत. गोदौलिया-दशाश्वमेध मुख्य रस्त्यावरच्या इमारती, तिथे लिफ्ट मिळेल, गंगा नाही, आणि आवाज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. दुसरा प्रकार आत बंगाली टोल्यात, चौसट्टी आणि पांडे घाटाच्या मागे. तिथे गंगा मिळेल, लिफ्ट नाही आणि गल्ली लांब. तरुणांसाठी उत्तम.

तुमच्यासाठी अस्सीच, एकाच जागी चारही रात्री. दर्शन पहाटे रिक्षाने, उशिरा_आलेला यांनी सांगितलं तसं. दशाश्वमेधची आरती नावेतून बघा. अस्सीवरून दुपारी चारच्या सुमारास नाव घ्यायची, सगळे घाट बघत दशाश्वमेधासमोर यायचं, आरती नावेतच बसून बघायची आणि त्याच नावेने परत. गोदौलियाच्या गर्दीत पाय ठेवायची गरजच नाही. डिसेंबरात आरती सहाच्या सुमारास असते. भाडं चढायच्या आधी ठरवा, पूर्ण नावेचं की माणशी हे स्पष्ट करून, आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट मागा. सासूबाईंना शाल, कानटोपी. नदीवर सूर्य गेला की गारठा एकदम चढतो.

एक गोष्ट बाप्पांनी सांगितली नाही ती मी सांगतो. अस्सीला गंगा पायऱ्यांपासून थोडी सरकलेली आहे, मध्ये गाळाचा पट्टा असतो. खिडकीखाली लाटा येतील अशी सासूबाईंची कल्पना असेल तर आधीच सांगून ठेवा. दिसते मात्र नक्की.

कॅमेरावाला_बाप्पा

गाळ फोटोत येत नाही म्हणून विसरलो.

गोदाकाठ

ठरलं मंडळी. अस्सीला रस्त्यापासून जवळ एक जागा मिळाली, पत्ता ‘बी’. फोन करून विचारलं: गाडी कुठवर येते, दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, बाथरूमला पायरी आहे का, हीटरचे पैसे किती. मालकांनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि चौथ्याला हसले, म्हणजे पैसे आहेत. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत, गंगा तिसऱ्यावरून. नवरा आणि सासूबाई दोघांनाही थोडं थोडं मिळालं. सासूबाई म्हणतात, तेवढा एक जिना मी चढते, दिवसातून एकदाच. तरी खाली सोबतीला खोली मिळते का विचारून ठेवलंय.

श्राद्धाचं गुरुजींशी बोलणं झालं, अस्सीला येताहेत. सारनाथ गुरुवारी. दर्शन मंगळवारी पहाटे. व्यनिबद्दल आभार.

ब्रह्माघाटकर

उत्तम. खोलीच्या गच्चीवर कपडे वाळत घालू नका, माकडं नेतात. चष्मासुद्धा. खिडकीला जाळी नसेल तर बाहेर जाताना लावून घ्या.

नवीन_सदस्य_४४

छान धागा. आम्ही पुढच्या वर्षी श्रावणात जायचं म्हणतोय, हेच सगळं लागू होईल का?

लंकेची_पार्वती

नाही होणार. श्रावणात गंगा चढलेली असते. घाटांच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने जाता येत नाही, नावा बंद करतात, आरती गच्चीवर किंवा वर रस्त्यावर सरकते. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे, तिच्या आसपास पाणी आलं की अस्सीचा रस्ताही पाण्यात जातो. शिवाय उत्तरेतला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि सोमवारी कावडियांची गर्दी असते. तेव्हा मात्र मी सदाशिवरावांच्या पक्षात. सिगरा किंवा कॅन्टोन्मेंट.

सडेतोड_सदाशिव

वाखु साठवली आहे.